पिझ्झा बोनसच्या जागी नव्हता

दिवाळी जवळ आली की व्यवस्थापकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: कर्मचाऱ्याला पैसा नको, कौतुक हवं असतं, इस्रायलमधल्या इंटेलच्या कारखान्यात पिझ्झ्याने रोख बक्षिसाला हरवलं, तेव्हा बोनसवर उधळण्यापेक्षा कमी खर्चाची बक्षिसं द्या. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी शिफ्ट सांभाळतो. हाच मजकूर वाचून दाखवून बोनसची चर्चा गुंडाळलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

प्रयोग खरा आहे. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरियली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. कामाच्या आठवड्यातल्या पहिल्या दिवसाचं उद्दिष्ट गाठलं तर एका गटाला पिझ्झ्याचं कूपन, एकाला साहेबांची शाबासकी, एकाला रोख रक्कम, आणि एका गटाला काहीच नाही. पहिल्या दिवशी काम वाढलं ते पिझ्झ्याने ६.७ टक्के, शाबासकीने ६.६ आणि रोख रकमेने ४.९ टक्के. पुढच्या दिवशी रोखवाल्यांचं काम तर घसरलं. इथवर मजकूर बरोबर आहे. पण त्या सगळ्यांचा पगार ठरल्याप्रमाणे चालूच होता. पिझ्झा मिळाला तो पगाराच्या वर. वर्षाचा बोनस कापून त्याऐवजी पिझ्झा दिला तर काय होतं, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नाही.

'पैसा नको असतो' हे तर सरळसरळ चूक. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला विद्यार्थी ठेवले होते, ताशी १२ युरोवर. काहींना अचानक ७ युरोचा थर्मास भेट दिला. काम साधारण पाव पटीने वाढलं. काहींना ७ युरो रोख दिले. फारसा फरक पडला नाही. हेही फॉरवर्डला सोयीचं. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी निवडीची मुभा दिली, तेव्हा बहुतेकांनी पैसेच मागितले, आणि तरीही काम वाढलं! मग त्यांनी नोटेची घडी घालून तिला सदऱ्याचा आकार दिला आणि ती भेट दिली. त्या पैशानेही थर्मासइतकंच काम वाढवलं. म्हणजे प्रश्न वस्तू की पैसा हा नव्हताच. देणाऱ्याने आपल्यासाठी काही वेळ घालवला, विचार केला, हे माणसाला दिसत होतं. पन्नास जणांना एकाच मजकुराची प्रमाणपत्रं छापून वाटली तर त्यात असं काय दिसणार?

आणि बोनस ही मालकाची मर्जी, असं गृहीत धरणं आपल्याकडे तरी शोभत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३ साली मालकांनी तो बंद करायचं ठरवलं आणि जानेवारी १९२४मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने नेमलेल्या मॅक्लिऑड समितीने निकाल दिला की कामगारांचा त्यावर कायदेशीर हक्क नाही. तो हक्क मिळायला १९६५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के ठरवले; पुढे ते ८.३३ टक्के झाले, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आता वेतन संहितेतही तोच दर आहे. कायद्याने देणं असलेल्या रकमेशी मिठाईच्या डब्याची तुलना करायचीच कशी? ओव्हरटाइमचंही तेच. दुप्पट दर बुडवायचा आणि रात्री सामोसे मागवायचे, हे कामगाराला दोन मिनिटांत कळतं.

कमी खर्चाच्या गोष्टींनी काम होतं, हे मी मनापासून मानतो. गावच्या जत्रेची रजा महिनाभर आधी मंजूर करणं, शिफ्टच्या अहवालात चूक कोणी पकडली त्याचं नाव लिहून वर पाठवणं, याला काहीच खर्च येत नाही आणि माणसं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पण आधी विचारावं लागतं.

आमच्याकडे एका ऑपरेटरने डायला, म्हणजे प्रेसच्या साच्याला, गेलेली बारीक चीर ओळखून वेळेत प्रेस थांबवला. त्याला टाळ्यांच्या गजरात प्रमाणपत्र मिळालं, त्यावर आडनाव चुकलेलं. त्याने मागितलं होतं ते वेगळंच: त्याच्या प्रेसवरचा गळका पत्रा बदलून द्या. जूनपासून तीन वेळा लेखी. त्या पावसाळ्यात अखेर त्याने घरून ताडपत्री आणून बांधली.