पंतप्रधान थेट निवडला, तर त्याला जाब कोण विचारणार?

‘देशाचा पंतप्रधान अमेरिकेसारखा थेट जनतेने निवडावा. खुद्द बाबासाहेबांनाही हेच हवं होतं, पण त्यांचं चालू दिलं नाही. खासदारांचा घोडेबाजार संपेल, पैसा वाचेल, मागच्या दाराने कुणी पंतप्रधान होणार नाही. सरपंच थेट चालतो, मग पंतप्रधान का नाही?’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. इकडून तिकडून आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा गंगाखेडच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘शंभर टक्के खरं.’ मामांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. आमच्या घरातली पोरं त्यांच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी अमेरिका. तिथला अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर निवडून येतच नाही. राज्याराज्यांतून निवडलेले एकूण 538 निर्वाचक असतात. त्यातले 270 ज्याच्या बाजूने, तो अध्यक्ष. 2000 मध्ये अल गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं पडली होती. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त. दोघंही हरले. ही पद्धत काढून थेट निवडणूक आणावी म्हणून तिथल्या प्रतिनिधीगृहाने 1969 मध्ये 338 विरुद्ध 70 मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, ती पुढे सिनेटमध्ये अडली आणि बारगळली. अमेरिकेला स्वतःला जे अजून करता आलेलं नाही, ते अमेरिकेचं म्हणून आपल्या गळ्यात मारलं जातंय.

आता बाबासाहेब. मला खरा राग या ओळीचा आला. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला 1994 उजाडलं आणि त्यापायी गावोगावी दलितांची घरं जाळली गेली, तिथे त्यांच्याच नावावर वाटेल ते खपवायचं?

यात एक अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं. त्यात मुदतीआधी हटवता येणार नाही असं सरकार त्यांनी सुचवलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच कुठेतरी ऐकलेलं दिसतं. पण त्याच निवेदनात पंतप्रधान कोणी निवडायचा हेही आहे: संपूर्ण सभागृहाने, आणि तोही एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन. मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या-त्या समाजाच्या आमदार-खासदारांनी निवडायचे. बहुसंख्य समाजाने एकगठ्ठा मतांच्या जोरावर सत्ता कायमची आपल्याकडे ठेवू नये, यासाठीची ती सगळी मांडणी होती. देशभरातून ज्याला जास्त मतं तो पंतप्रधान, ही कल्पना तिच्या नेमकी उलटी आहे.

पुढचं तर मेसेजमध्ये नाहीच. 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडला. निजामाच्या तावडीतून मराठवाडा सुटला 17 सप्टेंबरला, म्हणजे त्याआधी जेमतेम सात आठवडे. त्या भाषणात त्यांनी अमेरिकी अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. त्यांचं म्हणणं असं की सरकार टिकाऊ हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अध्यक्षीय पद्धतीत टिकाऊपणा जास्त, जबाबदारी कमी. तिथे सरकारचा हिशेब मुदत संपल्यावर मतदार घेतात. संसदीय पद्धतीत तो मतदार घेतातच, शिवाय सभागृह रोज घेतं: प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव यांतून. रोजचा हिशेब जास्त परिणामकारक, म्हणून मसुद्याने टिकाऊपणापेक्षा जबाबदारी पसंत केली, हे त्यांनी उघड सांगितलं. अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूने दुरुस्त्या आणल्या होत्या संविधान सभेतले सदस्य प्रा. के. टी. शाह यांनी, आणि त्या नाकारायला सांगणारे बाबासाहेबच होते. त्यांचं चालू दिलं नाही म्हणता? याबाबतीत त्यांचंच चाललं!

रोजचा हिशेब म्हणजे काय, हे आपल्याला तरी कळायला हवं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सोयाबीन भिजतं, पीकविमा अडकतो. तशा वेळी आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून गेलेले आठ खासदार बरे असोत की वाईट, सभागृहात उभं राहून सरकारला विचारू शकतात. सरकार लोकसभेला जबाबदार आहे, असं संविधानाच्या 75व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. 1999 च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, 269 विरुद्ध 270. ते बरोबर की चूक यावर भांडता येईल. पण एकेका खासदाराला किंमत होती, म्हणजेच त्याच्यामागच्या मतदारसंघालाही होती. थेट निवडून आलेल्या माणसाला या आठजणांची गरज काय? पाच वर्षं त्याला कोण हलवणार? श्रीलंकेत 2019 मध्ये थेट निवडून आलेल्या गोटाबाय राजपक्षे यांना देश दिवाळखोर झाला तरी संसदेच्या मार्गाने हटवता आलं नाही. 2022 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्या निवासस्थानात घुसले, तेव्हा ते देश सोडून पळाले. तोवर पेट्रोलच्या रांगेत माणसं मेली होती.

सरपंचाचा मुद्दा मात्र मामांसारख्या माणसाला का पटला असेल, ते समजतं. थेट सरपंच 2017 मध्ये आला, 2020 मध्ये बंद झाला, 2022 मध्ये परत आला. त्याने निवडीआधी सदस्यांना गाडीत घालून देवदर्शनाला नेण्याचे प्रकार कमी झाले, हे कबूल करावं लागेल. पण पुढे काय होतं तेही आपण बघतो. सरपंच एका पॅनलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं. मासिक सभेत ठराव अडतो, कोरम होत नाही, आलेला निधी पडून राहतो. गावात हे चार लोक मध्ये पडून मिटवतात. देशाच्या पातळीवर कोण मिटवणार?

हा प्रयोग एका देशाने खरंच करून पाहिला आहे. इस्राएलने 1992 मध्ये कायदा केला आणि 1996, 1999, 2001 अशा तीन वेळा पंतप्रधान थेट निवडला. हेतू हाच होता: छोट्या पक्षांची ब्लॅकमेलिंग थांबावी. झालं उलटं. लोकांनी पंतप्रधानाला एक मत दिलं आणि संसदेसाठी दुसरं मत मनासारख्या छोट्या पक्षाला. 1999 मध्ये 120 जागांच्या संसदेत सर्वात मोठ्या दोन गटांना मिळून 45 जागा उरल्या, 26 आणि 19. थेट निवडलेला पंतप्रधान सरकार टिकवायला आणखी जास्त पक्षांच्या दारात उभा. 2001 मध्ये त्यांनी कायदा रद्द करून जुनी पद्धत परत आणली. आपल्याकडे तर पक्ष मोजून संपत नाहीत.

पैसा वाचेल हे निखालस खोटं आहे. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाखांची, पक्षाला मर्यादाच नाही. 97 कोटी मतदारांपर्यंत एकट्याने पोचायचं तर कोणाची तिजोरी लागेल? मागच्या दाराचं म्हणाल तर मनमोहन सिंग राज्यसभेतून पंतप्रधान होते, हे खरं आहे. पंतप्रधान लोकसभेचाच हवा असा नियम करायचा असेल तर तेवढीच दुरुस्ती मागा, मी सही करतो. त्यासाठी अख्खी पद्धत उलथवायची गरज नाही.

राहिला घोडेबाजार. 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रात जे झालं ते पाहून चीड येणारच, मलाही आली. पण दुखणं कुठे आहे ते बघा. जून 2022 मध्ये शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांना अपात्र ठरवण्याच्या अर्जांचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी दिला जानेवारी 2024 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच, मणिपूरच्या प्रकरणात, असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली निघावेत असं म्हटलं होतं आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असंही सुचवलं होतं. तो लवाद अजून झालेला नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार पारावर आला की त्याला हे विचारा: लवादाच्या बाजूने मत देणार का, हो की नाही?