इन्सब्रुकचं हवामान महिना पाहून ठरवू नका

युरोप सहल ठरवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. थोडक्यात तो असा: “इन्सब्रुक आल्प्समध्ये आहे, त्यामुळे तिथे बारा महिने बर्फ. डिसेंबर-जानेवारीत शहरातच बर्फ मिळतो. सहारातून येणारा गरम वारा अधूनमधून सुटतो, त्याने काही बिघडत नाही. जुलै-ऑगस्ट कोरडे असतात. मुलांच्या सुट्टीमुळे मे सगळ्यात उत्तम. फोनवर हवामान बघा, रोपवेचा दिवस आधीच पक्का करा, एक जाड जॅकेट घ्या, झालं.”

यातलं बहुतेक प्रत्येक वाक्य कुठल्या तरी उंचीवर, कुठल्या तरी दिवशी खरं असतं. पण उंची कोणती आणि दिवस कोणता, हे मजकुरात कुठेच नाही. इन्सब्रुकला सगळं त्यावरच ठरतं. ऑस्ट्रियातलं हे शहर समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास पुण्याइतकंच. शहराच्या उत्तरेला मात्र नॉर्डकेटे या डोंगररांगेची भिंत सरळ उभी आहे. जुन्या गावठाणाजवळून निघालेली गाडी हुंगरबुर्गला, म्हणजे ८६० मीटरवर नेते. तिथून केबल कारने १,९०५ मीटरवरचं झेग्रुबे आणि पुढे सुमारे २,२५० मीटरवरचं हाफेलेकार. झेग्रुबेला पोचलात की तुम्ही कळसूबाईच्याही वर असता आणि हे सगळं अर्ध्या तासात होतं. उन्हाळ्यात दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश तापमान उतरतं. गल्लीत २५ असेल तर वर १४-१५, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून कमी.

“तिथे बारा महिने बर्फ”

जुलैत शहराचं दुपारचं सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास असतं आणि उष्णतेच्या लाटेत पारा ३५ पार करतो. जुन्या हॉटेलांत एसी असेलच असं नाही, खोली घेताना विचारून घ्या. उन्हाळ्यात बर्फ पाहायचाच असेल तर श्टुबाई हिमनदीवर जावं लागतं. शहरातून बसने साधारण सव्वा तास, मग केबल कारने ३,००० मीटरच्या वर. इतक्या उंचीवर धाप लागते. जिना चढताना दम लागणाऱ्या ज्येष्ठांनी वर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं नुसतं बसावं आणि हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

“डिसेंबर-जानेवारीत शहरात बर्फ मिळतोच”

जानेवारीत शहरात दिवसा ४ अंशांच्या आसपास आणि रात्री उणे ४-५ असतं. म्हणजे रात्री पडलेला बर्फ दुपारी वितळतो आणि संध्याकाळी पुन्हा गोठून फुटपाथवर काचेसारखा बसतो. पांढरं शहर पाहायला मिळेल, पण पैजेवर नाही. १९६४चं हिवाळी ऑलिंपिक इन्सब्रुकला झालं तेव्हा बर्फाची इतकी टंचाई होती की ऑस्ट्रियाच्या सैन्याने बॉबस्ले आणि ल्यूज या घसरगाड्यांच्या मार्गासाठी बर्फाच्या २०,००० लाद्या डोंगरातून खाली आणल्या आणि स्कीच्या उतारांवर ४०,००० घनमीटर बर्फ वाहून नेला. ऐन जानेवारी-फेब्रुवारीतली ही गोष्ट.

हिवाळ्यातली दुसरी गंमत नकाशावर दिसत नाही. वारा पडला की थंड, जड हवा दरीच्या तळाशी साचते आणि वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग शहरात धुरकट, करडं आणि बोचरं, तर झेग्रुबेला निळं आकाश आणि खालच्यापेक्षा चार अंश जास्त. खिडकीतून ढग दिसले म्हणून वर जाणं रद्द करणारे लोक नेमका सगळ्यात सुंदर दिवस घालवतात.

बूट खोल खाचांचे हवेत. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्‌स शूज त्या काचेवर क्षणभर टिकत नाहीत. पालिका फुटपाथवर बारीक खडी टाकते, पण गल्लीबोळात ती असेलच असं नाही. बुटावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे खेळसामानाच्या दुकानात मिळतात. आईवडील सोबत असतील तर पहिल्याच दिवशी घ्या.

“सहारातून येणारा गरम वारा, त्याने काही बिघडत नाही”

या वाऱ्याचं नाव फ्यॉन. जर्मनमध्ये केस वाळवायच्या यंत्रालाही हेच नाव आहे, त्यावरून अंदाज यावा. त्याची ऊब सहारातून येते ही समजूत दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ यूलियस हान यांनी ती खोडली: ऊब वाळवंटातून येत नाही, हवा डोंगरावरून खाली उतरताना तयार होते. दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर कधीकधी सहाराची धूळ खरंच येते आणि आकाश पिवळसर होतं. गैरसमज टिकून राहायला तेही कारण आहे.

मराठी वाचकाला हे समजायला सह्याद्री पुरेसा आहे. ढग महाबळेश्वरला रिते होतात आणि वाईच्या पलीकडे हवा कोरडी होत जाते. इन्सब्रुकला वारा दक्षिणेकडून, इटलीच्या बाजूने चढतो आणि पाऊस बहुधा तिकडेच सांडतो. मग हवा १,३७० मीटरवरच्या ब्रेनर खिंडीतून आणि तिच्या वरून व्हिपटाल या अरुंद दरीत उतरते. खाली येणारी कोरडी हवा दाबली जाऊन दर १०० मीटरला जवळजवळ १ अंश तापते. खिंडीपासून शहरापर्यंत ८०० मीटरचा उतार, म्हणजे ८ अंशांची भर नुसत्या उतरण्यातून. नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये शहरात अचानक १८-२० अंश झालं तर कारण हेच.

दिसायला तो दिवस देखणा असतो. हवा इतकी स्वच्छ की डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात, आकाशात मसूर डाळीच्या आकाराचे गुळगुळीत ढग आणि दक्षिणेच्या शिखरांवर ढगांची न हलणारी भिंत. पर्यटक नेमका याच दिवशी “काय सुंदर हवा आहे” म्हणून रोपवेकडे निघतो आणि रोपवे बंद असतो. व्हिपटालच्या तोंडाशी उभ्या पाचरकोफेल शिखरावर या वाऱ्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्याही वर नोंदले गेले आहेत. त्याच तोंडाशी बेर्गईझेलची स्की उडीची इमारत आहे. २००८ आणि २०२२ या दोन्ही जानेवारीत तिथली नामांकित स्पर्धा वाऱ्यामुळे रद्द करून बिशोफ्सहोफेनला हलवावी लागली. जागतिक स्पर्धा जिथे हलते तिथे तुमच्या तिकिटाचं काय होणार?

विमानांचंही तेच. इन्सब्रुकचा विमानतळ दरीच्या तळाशी आहे, दोन्ही बाजूंना डोंगर. वैमानिकांना तिथे उतरण्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जोराच्या फ्यॉनमध्ये विमान म्युनिक किंवा साल्झबुर्गला वळवलं जाऊ शकतं. मुंबईहून येणाऱ्याने म्युनिकला उतरून रेल्वे धरावी हा आमचा स्पष्ट सल्ला. थेट गाडी पावणेदोन ते दोन तासांत पोचवते आणि तिला या वाऱ्याचं सोयरसुतक नसतं.

सगळ्यात घातक असतो फ्यॉनचा शेवट. वारा पडला की पश्चिमेकडून थंड हवेचा लोंढा घुसतो आणि काही तासांत १० अंशांची घसरण होते, पाऊस किंवा बर्फासकट. दुपारी टी-शर्टवर निघालेला माणूस संध्याकाळी कुडकुडतो. वसंत आणि शरद हे फ्यॉनचे मुख्य काळ, पण बंदी कुठल्याच महिन्यात नाही.

“जुलै-ऑगस्ट कोरडे असतात”

साफ उलट. वर्षाला शहरात साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा सगळ्यात मोठा वाटा जून ते ऑगस्टचा, जुलै बहुधा अव्वल. सगळ्यात कोरडे महिने हिवाळ्यातले. पण आपल्या आषाढाची झड डोळ्यांपुढे आणू नका. तिथला उन्हाळी पाऊस आपल्या वळवाचा भाऊ आहे. सकाळ लखलखीत, अकरा-बाराला कड्यांवर कापसाचे ढग, ते फुलकोबीसारखे उंच वाढू लागले की दुपारी तीन ते सातच्या दरम्यान गडगडाट, वीज, कधी गारा, आणि रात्री पुन्हा चांदणं.

म्हणून उन्हाळ्यात डोंगर सकाळी, शहर दुपारी. पहिल्या केबल कारने, म्हणजे साधारण साडेआठच्या सुमारास वर जा आणि एकपर्यंत खाली या. हाफेलेकारच्या कड्यावर वीज चमकताना थांबणं हा जिवाशी खेळ आहे. लोखंडी दोर, रेलिंग आणि एकटा उभा क्रॉस यांपासून दूर व्हा. वादळात केबल कार थांबते आणि वर अडकलेल्यांना ती सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागते. मुलांचं खाणं आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत असू द्या.

“मे सगळ्यात उत्तम”

इथे सहानुभूती आहे, कारण महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी तेव्हाच असते. शहर मे महिन्यात छानच असतं: दिवसा २० अंश, रात्री ८, झाडं फुललेली. डोंगर मात्र दोन ऋतूंच्या मधे अडकलेला. वरच्या पायवाटांवर जुना, भुसभुशीत बर्फ, डोंगरातली विश्रामगृहं बहुतेक जूनच्या मध्यापर्यंत बंद, आणि वसंतातच केबल कारची वार्षिक दुरुस्ती निघते. दुरुस्तीच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आधी लागतात. हॉटेल घेण्याआधी तेवढं पान पाहा. नॉर्डकेटे बंद असेल तर पाचरकोफेलच्या तारखा ताडून बघा, मात्र दोन्ही एकदम बंद असण्याची तयारी ठेवा. १२ ते १५ मे हे तिथल्या शेतकऱ्यांचे ‘बर्फसंतांचे’ दिवस. ते उलटल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावायची नाहीत असा जुना रिवाज आहे, कारण रात्रीचं दहिवर तोवर गोठू शकतं.

सुट्टीचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात निवडा. गडगडाट ओसरलेला, वाटा कोरड्या, विश्रामगृहं बहुतेक उघडी. ऑक्टोबरात लार्चची झाडं पिवळीधमक होतात. दिवाळी लवकर आली तर हा मेळ अर्धाअधिक जमतो. ती नोव्हेंबरात गेली तर पुन्हा दुरुस्तीचा हंगाम, त्यावर उतारा एवढाच की नाताळ बाजार नोव्हेंबरच्या मध्याला उघडतो.

“फोनवर हवामान बघा आणि दिवस पक्का करा”

फोनवरचं चित्र शहरासाठी असतं, ५७४ मीटरचं. संध्याकाळी एक तास पाऊस येणार असला तरी ते दिवसभराच्या खान्यात ढग आणि वीज दाखवतं, आणि लोक सोन्यासारखी सकाळ हॉटेलात काढतात. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: तासातासाचा पाऊस, शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे, आणि २,००० मीटरवरचा वारा व त्याची दिशा. ऑस्ट्रियाची सरकारी हवामान संस्था जिओस्फिअर ऑस्ट्रिया हे देते. हिवाळ्यात बर्फात चालणार असाल तर तिरोलचं, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांताचं, हिमस्खलन पत्रक वाचा. ते संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिवसासाठी निघतं आणि धोका १ ते ५ अंकांत सांगतं. ३ हा अंक मध्यम वाटतो, पण त्याचा अर्थ ‘लक्षणीय धोका’ असा आहे. आखलेली वाट सोडायची नाही.

“एक जाड जॅकेट पुरे”

जाड जॅकेट रस्त्यावर उकडतं आणि बसमध्ये काढून हातात घ्यावं लागतं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट असे तीन थर हवेत. आतला सुती बनियन घामाने भिजला की तो वर थंडगार पट्टी होऊन बसतो, म्हणून सुती आत नको. गॉगल फोटोसाठी समजू नका: ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो.

राहिला रस्ता. इटलीहून बसने येणाऱ्या गटांनी लक्षात ठेवावं की ब्रेनर महामार्गावरचा लुएग पूल दुरुस्तीमुळे १ जानेवारी २०२५ पासून बराच काळ प्रत्येक दिशेला एकेकाच मार्गिकेवर चालवला जातो. गर्दीच्या दिवशी तिथे वेळ जातो. हिवाळ्यात शनिवारी हॉटेलांतल्या पाहुण्यांची अदलाबदल असते, त्या दिवशी खिंड टाळा. स्वतः गाडी चालवणार असाल तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असल्यास हिवाळी टायर सक्तीचे आहेत. इटलीत भाड्याने घेतलेल्या गाडीला ते आहेत का, हे किल्ली घेतानाच पाहा.

तीन रात्री असतील तर एकाही दिवसावर ‘डोंगर’ असं लिहू नका. एक सकाळ डोंगरासाठी, एक दिवस जवळच्या वाटेन्स गावातल्या स्फटिक संग्रहालयासाठी आणि एक जुन्या शहरासाठी असे तीन तुकडे करा आणि त्यांचा क्रम मोकळा सोडा. तारखेला बांधलेलं तिकीट फक्त रेल्वेचं काढा. इन्सब्रुक कार्ड तिथे पोचून घ्या, ते ठरावीक तासांचं मिळतं आणि त्यात केबल कारची एक फेरी असते. रोज सकाळी सातला नॉर्डकेटेचा वेबकॅम उघडा. वरचं स्थानक स्वच्छ दिसत असेल आणि केबल कार चालू असल्याचं संकेतस्थळ सांगत असेल तर नाश्ता बांधून घेऊन निघा. दिसत नसेल तर त्या दिवशी वाटेन्स.