एआय पुढच्या महासाथीचं नाव सांगतं? थांबा जरा

“एआय आता प्राण्यांतल्या विषाणूचा जीनोम वाचून पुढची महासाथ कोणती ते आधीच सांगतं. अचूकता 90 टक्के! वटवाघळांमागे रानोमाळ हिंडायची गरजच उरली नाही.” अशा अर्थाचा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. (जीनोम म्हणजे विषाणूची संपूर्ण जनुकीय माहिती.) त्यातलं सगळंच खोटं असतं तर सोपं होतं.

“आधीच सांगतं.” 2021 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी 861 विषाणूंच्या जीनोमवर मॉडेल शिकवलं. माणसाला लागण करणारा एक विषाणू आणि न करणारा एक, अशी जोडी दिली तर शंभरात सुमारे 77 वेळा ते पहिल्याला वरचा क्रमांक देई. काम उत्तमच. पण हे भविष्य नव्हे, प्रयोगशाळेत आधी कोणाला तपासायचं याची रांग आहे. त्यातही “न करणारा” म्हणजे खरं तर “माणसात अजून न सापडलेला”. आणि लागण होणं वेगळं, साथ येणं वेगळं. रेबीज हजारो वर्षं कुत्र्याकडून माणसाला होतोय, माणसामाणसांत त्याची साथ काही आली नाही.

“90 टक्के अचूक.” क्षणभर मानू. हजार विषाणूंपैकी दहाच धोक्याचे आहेत असं धरा. मॉडेल त्यातले नऊ पकडेल, आणि उरलेल्या 990 पैकी 99 निरपराधांवरही बोट ठेवेल. म्हणजे 108 संशयितांत खरे नऊ.

आता “जीनोम वाचून”. यातलं खरं आधी सांगतो. बर्ड फ्लूच्या पीबी2 प्रथिनात 627 व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत जोमाने वाढतो. अशा खुणा मॉडेल ओळखू शकतं. पण मार्च 2024 मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूचा एच5एन1 हा प्रकार सापडला तो दुभत्या गायींच्या कासेत! बर्ड फ्लू ज्या गटात मोडतो तो इन्फ्लुएन्झा ए हा गायीचा आजार असं तोवर फारसं कुणी मानतच नव्हतं. गोठ्यागोठ्यांत तो पसरला त्यात दूध काढायच्या यंत्रांचा मोठा हात असल्याचं मानलं जातं, आणि यंत्र काही विषाणूच्या जीनोममध्ये लिहिलेलं नसतं.

करोनाच्या वेळचं उदाहरण तर आणखी बोलकं. ते मशीन लर्निंगचं, म्हणजे एआयचं नव्हतं, पण अडचण तीच. 2020 मध्ये 410 प्राण्यांचा एसीई2 रिसेप्टर (पेशीवरचं प्रथिन, ज्याला चिकटून करोना विषाणू आत शिरतो) माणसाच्या रिसेप्टरशी ताडून धोक्याची यादी केली गेली. पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण त्यात वर होतं, आणि पुढे त्या हरणांत विषाणू खरोखर सापडला. मिंक मात्र यादीत अगदी खाली. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या याच प्राण्यांत नेदरलँड्समध्ये एप्रिल 2020 लाच साथ फुटली, आणि नोव्हेंबरात डेन्मार्कने देशातले सगळे मिंक मारायचा निर्णय घेतला. दाटीवाटीचे पिंजरे आणि त्यांना हाताळणारी आजारी माणसं रिसेप्टरच्या यादीत कुठून दिसणार?

राहिलं वटवाघळांमागे हिंडणं. मॉडेलला वाचायला जीनोम लागतो, तो आकाशातून पडत नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला कळलं, ते 2020 च्या मार्चमध्ये तिथे जाऊन वटवाघळं पकडली आणि त्यांचे नमुने घेतले म्हणून.