विवृत्त हाताने का काढायचं? अमळनेरच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. तुमचा आक्षेप असा: विवृत्ताचं (म्हणजे लंबवर्तुळाचं, ellipse चं) समीकरण मोबाईलवर टाकलं की आकृती लगेच येते, जेईईत आकृती कुणी मागत नाही, सूत्रं पाठ असली की पर्याय सापडतो, मग खेड्यावरून एसटीने येणाऱ्या पोरांचा तास आलेख कागदावर का घालवायचा?

वेळेची काळजी रास्त आहे. बाकीचं मला पटत नाही. हे समीकरण घ्या:

९क्ष² + २५य² − ३६क्ष + ५०य − १६४ = ०

९(क्ष² − ४क्ष) + २५(य² + २य) = १६४ असं मांडून वर्ग पूर्ण करताना पोरं कंसांत ४ आणि १ मिळवतात आणि उजवीकडेही ४ आणि १ च टाकतात. १६४ चे १६९ होतात. तो नेमका १३ चा वर्ग, त्यामुळे गणित जमलं असंच वाटतं. पण कंसांबाहेर ९ आणि २५ आहेत. डावीकडे खरी भर पडली ती ३६ आणि २५ ची. उजवी बाजू हवी २२५.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ सालचा शिलालेख आहे; आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त वर्गसमीकरणासाठी श्रीधराचार्यांचा नियम दिला आहे: दोन्ही पक्षांना सारखंच गुणा, दोन्हीकडे सारखंच मिळवा. १६९ लिहिणाऱ्या पोराचं पाऊल तिथेच घसरतं, आणि मोबाईलवरचा नुसता आलेख त्याला हे दाखवणार नाही, कारण आलेखात ती पायरीच येत नाही.

२२५ ने भागलं की (क्ष − २)²/२५ + (य + १)²/९ = १. केंद्र (२, −१). आडवं दोन्हीकडे ५, उभं दोन्हीकडे ३. चार टोकं मिळाली: (७, −१), (−३, −१), (२, २), (२, −४).

आता पोरं हे चार ठिपके जोडतात आणि दोन्ही बाजूंना लिंबासारखी टोकं काढतात. इथे मी थांबतो. केंद्रापासून आडवं ४ गेलो तर उंची किती उरते? ३ × ३/५, म्हणजे १.८. सरळ रेषेने जोडलं असतं तर ०.६ च उरली असती, तिथे तिप्पट उंची आहे! म्हणजे वक्र शेवटपर्यंत फुगलेला राहतो आणि अगदी टोकाशी उभा वळतो. हे एकदा हाताने केलेलं पोरगं पुन्हा टोकदार विवृत्त काढत नाही.

नाभी म्हणजे आतले असे दोन बिंदू, की विवृत्तावरच्या कुठल्याही बिंदूपासून त्यांच्या अंतरांची बेरीज सारखीच, बृहदक्षाएवढी (लांब अक्षाएवढी) भरते; इथे १०. त्यांच्यासाठी तर सूत्रही लागत नाही. कंपासमध्ये ५ घ्या, टोक (२, २) वर ठेवा आणि बृहदक्षावर दोन्हीकडे कंस मारा. (६, −१) आणि (−२, −१) मिळतात. लघुअक्षाच्या (आखूड अक्षाच्या) टोकापासून दोन्ही नाभी सारख्याच अंतरावर असतात आणि त्या दोन अंतरांची बेरीज १०, म्हणून प्रत्येकी ५. व्याख्या इथे डोळ्यांना दिसते. ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोणही तिथेच उभा असतो. सूत्र त्यातूनच निघालंय.

मोबाईल माझ्याही वर्गात असतो, पण हाताने काढून झाल्यावर, पडताळ्यासाठी.

तुमच्या वर्गात एवढं करून बघाल का? ४क्ष² + य² + ८क्ष − ४य − ८ = ० फळ्यावर लिहा आणि नाभी कुठे ते विचारा. नुसतं सूत्र पाठ असलेले त्या डाव्या-उजव्या बाजूला टाकतील. हे विवृत्त उभं आहे, नाभी वर-खाली येतात. मग शेवटचा −८ पुसून +९ करा. मोबाईलचा पडदा कोराच राहील आणि टाइप करताना काही चुकलं का, म्हणून पोरं पुन्हा पुन्हा तपासत बसतील. ज्याने वर्ग पूर्ण केलाय तो सांगेल की दोन वर्गांची बेरीज −१ आली, असा बिंदूच नाही.