४×५ पिनहोल किट: तुमच्या फोटोंतल्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आला त्याच रात्री वाचला, पण फोटो नीट बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस घेतले. तुम्ही दोन स्टार दिलेत. आमच्या पिनहोल किटमध्ये, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोकातून ४×५ इंचांच्या फिल्मवर फोटो काढणारा कॅमेरा घरी जोडायच्या संचात, ४,२०० रुपयांत प्लायचे तुकडे, रबरबँड आणि पितळेची एक चकती मिळाली, फिल्म होल्डर (फिल्म भरायची चपटी चौकट) वेगळा विकत घ्यावा लागला, चारही फोटोंत पांढरा पट्टा आला, पडवीतला फोटो काळोखा निघाला आणि एकही फोटो धारदार नाही, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी लिहिलंत, "घरी जोडलेला कॅमेरा, त्याच्याकडून अजून काय अपेक्षा ठेवणार."

पट्टा ही आमची चूक आहे. तुम्ही स्कॅन न कापता कडेसकट टाकलेत, त्यामुळे ती सापडली. शीट फिल्मच्या, म्हणजे रोलऐवजी सुट्या तुकड्यांत मिळणाऱ्या फिल्मच्या, कोपऱ्यात ओळखीसाठी खाचा असतात. फिल्म भरताना त्या होल्डरच्या उघडणाऱ्या झाकणाकडे राहतात. तुमच्या चारही फोटोंत पट्टा बरोबर त्याच्या समोरच्या टोकाकडून आत आलाय, म्हणजे जिथून डार्क स्लाइड (फिल्मवरचा सरकता पडदा) ओढतो तिकडून. होल्डरमध्ये डार्क स्लाइडच्या फटीतून येणारा उजेड अडवणारं मखमल झिजलं असतं तरी उजेड तिथूनच आला असता. पण तुम्ही दोन वेगळे होल्डर वापरलेत, दोघांच्याही दोन्ही बाजू वापरल्यात, आणि पट्टा सगळीकडे तसाच. म्हणजे होल्डर निर्दोष, कॅमेरा दोषी.

त्या टोकाला होल्डरवर एक बारीक आडवी पट्टी उठलेली असते आणि ती कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या फळीतल्या खोबणीत बसते. उजेड अडवण्याचं काम तीच करते. आम्ही खोबण पट्टीच्या मापाची अगदी नेमकी कापली होती, आणि माहितीपत्रकात मात्र लिहिलं की आतून सगळीकडे मॅट काळ्या रंगाचे दोन हात द्या. तुम्ही दिलेत, खोबणीतही दिलेत. रंगाचा थर बसला, खोबण उथळ झाली, होल्डर त्या पट्टीवरच उचलला गेला आणि केसाएवढी फट राहिली. आम्ही तपासणी बिनरंगाच्या फळीवर करत होतो, म्हणून आमच्या हाती ती कधी लागलीच नाही. काल फळीला दोन हात दिले, रात्री दिवे घालवून डब्यात मोबाइलचा टॉर्च ठेवला, होल्डर बसवून डार्क स्लाइड काढली. उजेडाची रेघ दिसली. तुमच्या फोटोत आहे त्याच जागी.

याच किटचे इतर ग्राहक हे वाचत असतील तर त्यांनीही ही चाचणी करावी. रेघ दिसली तर खोबणीतला रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा आणि तिथे फक्त काळा मार्कर फिरवा. फळी बदलून हवी असेल तर कळवा, पैसे लागणार नाहीत.

रबरबँडबद्दल मात्र मी ठाम आहे. ते स्वस्त आहेत म्हणून घातलेले नाहीत. होल्डरवर दोन्ही बाजूंनी सारखा दाब देतात, तुटले तर कुठेही मिळतात. फक्त डार्क स्लाइड ओढताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने होल्डर दाबून धरायचा. हे पत्रकात लिहायला हवं होतं, आता लिहिलंय.

पडवीतल्या फोटोला तुम्ही लाइट मीटरप्रमाणे (उजेड मोजून वेळ सांगणाऱ्या यंत्राप्रमाणे) एक मिनिट दिलंत. हिशोब बरोबर होता, पण फिल्म लांब एक्स्पोजरला तितक्या उत्साहाने साथ देत नाही. तुम्ही वापरलेल्या इल्फर्ड एफपी४ प्लसला मीटरचे १० सेकंद म्हणजे प्रत्यक्ष १८, आणि एक मिनिट म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं द्यावी लागतात. हा तक्ता आम्ही पत्रकाच्या मागच्या पानावर, इंग्रजीत, बारीक टाइपात छापला होता. तिथे तो कोण वाचणार? आता मराठीत पहिल्याच पानावर घेतलाय.

धार. तुम्ही विचारलंत, भोक आणखी बारीक का नाही केलं. भोकापासून फिल्म ९० मिलिमीटरवर आहे आणि भोक ०.३५ मिलिमीटरचं. ते मोठं केलं तर प्रत्येक बिंदूचा ठिपका मोठा पडतो. लहान केलं तर उजेड कडेवरून जास्त पसरतो आणि फोटो पुन्हा मऊ होतो, शिवाय वेळ वाढतो तो वेगळाच. आत्ताच भोक एफ/२५६ आहे, म्हणजे फिल्मपर्यंतच्या अंतराच्या साधारण २५६ व्या भागाएवढं, भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला अडीच सेकंद लागतात. कौलातल्या फटीतून जमिनीवर पडणारा कवडसा आठवा. फट वेडीवाकडी असली तरी तो गोल पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते, पण त्याची कड कधी कापल्यासारखी नसते. या कॅमेऱ्याचा फोटोही त्याच जातीचा आहे. धारदार फोटोच हवा असेल तर हे किट तुमच्यासाठी नाही, आणि हे विक्रीच्या पानावर स्पष्ट न लिहिणं ही आमची कमतरता. होल्डर किटमध्ये नसतो हेही तिथे तळाशी होतं, आता किमतीच्या शेजारी आहे.

तरी तुमचा तिसरा फोटो पुन्हा बघा अशी विनंती. वृंदावनाचा चौथरा दगडासारखा स्थिर आहे आणि तुळशीच्या मंजिऱ्या वाऱ्याने धुरासारख्या झाल्यात. पट्टा नसता तर तो मी भिंतीवर लावायला मागितला असता.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते मला दोन स्टारपेक्षा जास्त लागलं. मी कोल्हापूरचा आहे. इथे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने स्वतः कॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. घरी जोडलेल्या कॅमेऱ्यातून उजेड गळला तर चालवून घ्यायचं, असं ग्राहकाने म्हणू नये, आणि विकणाऱ्याने तर मुळीच मानू नये. अपेक्षा पूर्ण ठेवा.

नवी फळी आणि वाया गेलेल्या चार शीट्सच्या बदल्यात चार शीट्स सोमवारी पाठवतोय. पैसे परत हवे असतील तर तसं सांगा, तेही देईन, कारण विचारणार नाही. फळी आली की खोबणीला रंग लावू नका, ती आम्ही काळी करूनच पाठवतोय.