ध्रुवावर दरवेळी तीच बोंब

संगणकावर निसर्गचित्रं बनवणारं हे जुनं लँडस्केप रेंडरिंग सॉफ्टवेअर डोंगरदऱ्या इतक्या झकास काढतं, मग ग्रह म्हटला की याला होतं काय? ग्रहाचा 2:1 चा, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद असा सपाट नकाशा गोळ्यावर चढवला की विषुववृत्तापाशी सगळं मस्त, आणि ध्रुवावर तेच ढग, तीच विवरं चिमटून एका टोकाला गोळा, पिशवीचं तोंड नाडीने आवळल्यासारखी! बरं टेक्स्चर, म्हणजे गोळ्यावर चढवायचं ते चित्र, मोठं घ्यावं तर प्रोग्राम पडला 32 बिटचा, मशीनमध्ये रॅम कितीही असू दे हा 4 जीबीच्या पुढे जाणारच नाही, आणि रेंडर संपत आला की नेमका क्रॅश. वातावरणाची ती पातळ निळी कड, तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप, तीच 8 बिट रंगात छटा अपुऱ्या पडून पट्ट्यापट्ट्यांची येते. वैताग आहे नुसता!