विंडोज १० ‘बंद’ झालेलं नाही, आणि ती लिंक उघडू नका

माझी मामेबहीण आर्णी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. परवा तिचा फोन आला: "दादा, आपला संगणक बंद होऊन रायला म्हंतेत. कापसाचा चुकारा आला का नवाच घेऊन टाकू काय?" केंद्रचालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिनं मला पाठवला. त्याच्यावर ‘सर्वांना कळवा’ असं ठळक लिहिलंय आणि लोक खरंच सर्वांना कळवत सुटलेत. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा. एक, विंडोज १० कायमचं बंद झालं असून त्यावरचे संगणक आपोआप लॉक होतील. दोन, त्यावर बँकेचं काम केलं तर खातं रिकामं होईल. तीन, विंडोज ११ जुन्या संगणकात बसतच नाही, नवा घ्यावा लागेल. चार, ११ मध्ये मराठी टायपिंग चालत नाही. पाच, खालच्या लिंकवरून मोफत टूल घ्या, आधी अँटिव्हायरस बंद करा, कोणताही संगणक ११ होईल.

क्रम सोडून पाचव्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर माणूस घाबरेल. पाचव्यानं गावाचं नुकसान होईल.

केंद्रातल्या संगणकावर काय काय असतं? लोकांच्या आधारच्या, पासबुकाच्या, सातबाऱ्याच्या स्कॅन फाइली. पीक विम्याचे आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज. ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पोर्टलचे पासवर्ड, ज्या वॉलेटमधून पैसे कटतात त्याचं लॉगिन. त्या टूलमध्ये नेमकं काय भरलंय हे बघायला ते उघडायची गरज नाही. जो प्रोग्राम चालायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, तो आपल्या संगणकात येऊ द्यायचा नाही, एवढं पुरे आहे. एकदा ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मिळाली की असा प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड वाचू शकतो, फाइली बाहेर पाठवू शकतो, बाहेरच्या माणसाच्या हातात संगणक देऊ शकतो. ज्यांनी विश्वासानं आपले कागद केंद्रावर दिले, त्यांना याचा पत्ताही लागणार नाही.

आणि मुद्दा तीन व पाच एकमेकांना खोटं पाडतात, हे पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात आलं नाही? जुन्या संगणकात ११ बसतच नसेल, तर कोणताही संगणक ११ करणारं टूल कशाला?

इथे अर्ध सत्य आहे ते सांगून टाकतो. अपात्र संगणकात ११ घुसवायच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे सुरक्षेसाठी उठाठेव करायची आणि त्याच सुरक्षेची खात्री घालवायची. विंडोज १० अस्सल आणि संगणक पात्र असेल तर ११ मोफतच मिळतं, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून. ग्रुपवर आलेल्या लिंकची गरज कुठेच पडत नाही.

आता मुद्दा एक. हे मायक्रोसॉफ्टनं आपल्याच साइटवर साध्या भाषेत लिहून ठेवलंय, मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढं वाचलं असतं तरी चाललं असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर संगणक चालू राहतो. लॉक होत नाही, फाइली जात नाहीत. थांबतात ती दर महिन्याची सुरक्षा अपडेट आणि कंपनीची मदत. शिवाय घरगुती संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. विंडोज १० ची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करावं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर ही सोय मोफत मिळते, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड्स योजनेचे १००० पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलरइतके पैसे. संगणक या वाढीव अपडेटसाठी पात्र असेल तर विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायचा पर्याय दिसतो. खातं जोडायला लावतात हे मला आवडत नाही, पण चुकाऱ्याच्या पैशातून घाईनं नवा संगणक घेण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. अपडेट थांबलेला संगणक दिवसेंदिवस कच्चा होत जातो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभर संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळालंच नव्हतं, ते अडकले. तेव्हा विंडोज १० वर वाढीव अपडेट न घेता वर्षानुवर्षं लोकांचे पैशाचे व्यवहार करत बसणं चूकच आहे. पण ‘बँकेचं पान उघडलं की खातं रिकामं’ ही निव्वळ भीती आहे. भीतीनं लोक घाईत लिंक दाबतात, मेसेजवाल्याला तेच हवं आहे.

तिसरा मुद्दा प्रत्येक संगणकाचा वेगळा. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्योर बूट (चालू होताना फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ टाकलं की हो की नाही ते लगेच कळतं. कधी कधी टीपीएम असतं पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं, तेवढ्यावरून दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. बहिणीच्या संगणकातला आय-थ्री प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, तो ११ ला खरंच पात्र नाही. तिला मी सांगितलं: वाढीव अपडेटला नाव नोंदव, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसव, आणि नव्याचा विचार पुढचा हंगाम बघून कर. ४ जीबीवर ११ बसतं, पण रांगेत माणसं उभी असताना त्यावर काम करवत नाही. रॅम ८ जीबी तरी हवी.

ज्याचा संगणक पात्र आहे त्यानं आधी बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनचा आणि प्रिंटरचा ११ साठीचा ड्रायव्हर (ते मशीन चालवणारा प्रोग्राम) कंपनीच्या साइटवर आहे का ते बघावं. ठसाच उमटला नाही तर केंद्र अडतं. फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर नाही, बाहेरच्या हार्डडिस्कवर काढावी. डाउनलोड काही जीबीचं असतं, आणि मध्येच लाइन गेली तर डेस्कटॉपचं काम बिघडू शकतं, त्यामुळे इन्व्हर्टर भरलेला असेल तेव्हाच बसावं, फीडरवर भारनियमन असेल त्या वेळेला नाही. अपग्रेडनंतर जमलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत १० वर येता येतं. विंडोज १० ३२ बिटचं असेल तर मात्र अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे.

ज्या संगणकावर ठसे घ्यायचे नाहीत, नुसतं टायपिंग आणि इंटरनेट आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली मोफत चालते. शाळेतल्या जुन्या संगणकांना ती छान आहे.

चौथ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड ११ मध्ये आहेत. मंगल फॉन्ट दिसला नाही तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावेत. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवातल्या फाइलींसाठी तो फॉन्ट पुन्हा टाकावा लागतो, तसा तो १० मध्येही टाकावा लागत होता.

कुणी ते टूल आधीच चालवलं असेल तर आत्ता इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड त्या संगणकावरून नाही, दुसऱ्या फोनवरून बदला, आधी बँक आणि वॉलेट, मग मेल, मग पोर्टलं. पैसे गेल्याचं दिसलं तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. तो संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकल्याशिवाय त्यावर एकाही माणसाचं आधार उघडू नका. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज तुम्ही टाकलात, तिथेच आज लिहा की ती लिंक उघडू नका.